मुक्या किड्याचे साक्षीदार

आलापल्ली,
२६ सप्टेंबर १९५५

चिरंजीव गुणवंतास देवाजीमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोळ्याच्या आसपास आलं आणि उत्तर आता लिहितो आहे, त्याबद्दल मामावर रागावू नकोस. नदीला पूर होता, टपालाची मोटर पलीकडच्या काठावर अडकून पडली होती. ती सुरू झाली तेव्हा माझा चष्मा सापडेना. चष्मा सापडला तर तुझं पत्र सापडेना. मग पत्र सापडलं आणि वाचलं, तेव्हा वाटलं, सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

तुला रातकिडे पाहिजेत. झुडपांच्या पानांवर राहणारे, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, नर वेगळे आणि माद्या वेगळ्या. मी आधी समजलो तुझी तब्येत बिघडली. माझ्या बहिणीनं तुला नागपूरला एवढं शिकवलं ते कॉलेजात मास्तर होशील म्हणून. मी चिमूरला चौथीपर्यंत शिकलो, पण आमच्या मास्तरांनी आमच्याकडे किडे कधी मागितले नाहीत. तुझी मामी म्हणाली, "किडेच मागून राह्यला ना पोरगा, वाघ तर नाई मागत. द्या धरून."

मग मी आणि मंगली कामाला लागलो. मंगली म्हणजे पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली, जी आपल्या बंगल्यावर पाणी भरते. ती फांदी हलवायची आणि मी खाली धोतर धरायचो. रेंजर साहेबांनी हे पाहिलं. मला वाटलं, फॉरेस्ट बंगल्याचा चौकीदार बंगला सोडून धोतर झटकतो म्हणून आता माझी नोकरी जाते. पण ते काही न बोलता निघून गेले. न बोलणं जास्त वाईट असतं का?

किडे सोबतच्या पेटीत आहेत. बंगल्यावर यायच्या आधी मी जन्मभर लाकडाच्या डेपोत काम केलं आहे, तेव्हा माल कसा पाठवायचा हे मला सांगावं लागत नाही. पाय, मिशा, जे काही इकडेतिकडे जात होतं ते सगळं कात्रीनं छाटून टाकलं, लांबीप्रमाणे प्रतवारी केली आणि नीट थप्प्या लावल्या. पहिली प्रत वर आहे. नाक्यावर पास मागतील म्हणून चिठ्ठीवर "किडे, किरकोळ" असं लिहून घेतलं आहे.

एक काळजी वाटते. यंदा जंगल फार गप्प आहे. पूर्वी या दिवसांत दिवेलागणीला रातकिडे नुसता कल्ला करायचे. आता काहीच नाही. पेपरात त्या अणुबॉम्बाचं वाचलं होतं, त्याचं तर नसेल?

तुझा मामा,
देवाजी

*

नागपूर,
८ ऑक्टोबर १९५५

तीर्थरूप मामांना गुणवंताचा नमस्कार.

पेटी मिळाली. उघडली तेव्हा आमचे खानझोडे सर शेजारी होते. आत पाहून म्हणाले, "हे काय, जिरे आहे का?"

मामा, पाय का छाटलेत? मीच आधी लिहायला हवं होतं. या किड्यांचे कान डोक्याला नसतात. पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या थोडं खाली, एक बारीक पडदा असतो, तोच त्यांचा कान. मागच्या पायांवर काटे असतात; ते कुठे आणि कसे आहेत यावरून आम्ही किड्याचं कुळ ठरवतो. मिशा अंगाच्या कितीतरी पट लांब असतात, तीही खूण आहे. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या प्रतीला यातलं काहीच उरलेलं नाही. पंख तेवढे वाचले आहेत.

आता मला नेमकं काय हवं आहे ते सांगतो. आवाज फक्त नर काढतो आणि तो तोंडानं नाही. त्याच्या उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला एका शिरेवर ओळीनं दाते असतात, सुताराच्या कानशीसारखे. पंख उभे करून तो त्या दात्यांवर दुसऱ्या पंखाची कड घासतो, आणि मादी तो आवाज ऐकून येते. मादीला दाते नसतात. तिच्या शेपटीकडे अंडी घालायची सुई असते, त्या सुईवरून ती ओळखायची. मी ज्या गटावर काम करतो त्याच्या दोन फांद्या आहेत. एक गाणारी, आणि एक मुकी, जिच्या नरांनाही दाते नाहीत. गाणाऱ्यांतून मुके झाले असावेत असं सरांचं मत आहे. पण दोघांच्या मधला, म्हणजे दाते असून न गाणारा, अजून त्यांना मिळालेला नाही.

माझी इथली जागा हंगामी आहे हे तुम्हाला माहीत आहे. या गटाची मांडणी पूर्ण झाली तरच सर कायम करण्याची शिफारस करतील. ते या विषयातले मोठे आहेत, पण तापट आहेत. गेल्या वर्षी ज्या मदतनिसानं त्यांचं म्हणणं खोडून काढलं, तो आता वर्ध्याला कापड विकतो.

तेव्हा मामा, कृपा करून पायांसकट पाठवा.

आपला,
गुणवंत

*

आलापल्ली,
१७ ऑक्टोबर १९५५

चिरंजीव गुणवंतास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढ्या जीवांचे कान मी कात्रीनं कापले! मला काय ठाऊक, पायात कान असतात? आमच्या डेपोत नियमच होता, फांद्या छाटल्याशिवाय नग थप्पीला लावायचा नाही. तेव्हापासून माझा गुडघा दुखतो आहे. तुझी मामी मनकर्णा म्हणते ते वयानं. मला तसं वाटत नाही.

या वेळी पायांसकट पाठवले आहेत. एकेक किडा कापसात निजवला आहे. तुझी मामी म्हणाली, "येवढं तर तुमी आपल्या पोरीले बी नाई निजवलं."

आता मुख्य गोष्ट. तुझ्या सरांना पाहिजे तो किडा मला मिळाला आहे असं वाटतं. रानतुळशीच्या झुडपावर होता. मी त्याला कंदिलाच्या काचेत ठेवला आणि वर मलमल बांधली. रोज दिवेलागणीला तो पंख तंबूसारखे उभे करतो आणि इतके जोरात घासतो की पंख दिसेनासे होतात. आणि आवाज काहीच नाही! मी काचेला डावा कान लावला, मग उजवा लावला. काही नाही. अगदी मुका. त्याचेच दोन भाऊबंद पेटीत ठेवले आहेत, वेगळ्या कापसात.

घरात मात्र या किड्याचं कोणाला कौतुक नाही. मनकर्णा म्हणते, "हे काच पडवीच्या बाहीर ठेवा, माहं डोस्कं उठून राह्यलं." मी समजावलं, अगं, मुका जीव आहे, तुझं काय घेतो? तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आत निघून गेली. मंगली पाण्याचे हंडे उतरवून काचेपाशी आली आणि दोन्ही कानांत बोटं घालून उभी राहिली. किडा पाहिला की कानात बोटं घालायची त्यांच्यात रीत असावी. मी विचारलं नाही, उगाच कोणाच्या देवाधर्मात पडू नये.

मनकर्णेला हल्ली आणखी एक सवय लागली आहे. बंगल्यावर मोटर यायची असली की ती मला आधीच कोपरानं ढोसते. माझ्या बरगड्या दुखतात, पण बोलता येत नाही.

तुझी जागा या किड्यानं कायम होईल का? त्याला काही झालं तर? त्याला काकडी देतो आहे, सोसेल ना?

तुझा मामा,
देवाजी

*

नागपूर,
२५ ऑक्टोबर १९५५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

मामा, दाते आहेत! सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिले, सरांनी पाहिले, पुन्हा मी पाहिले. अगदी गाणाऱ्या फांदीसारखी ओळ. पायांवर कानही आहेत. मुक्या फांदीतल्या किड्यांचे हे कान बहुधा बुजलेले असतात, म्हणून मी जरा घुटमळलो. पण सर म्हणाले, "आवाज आधी गेला, कान अजून जायचे आहेत. हाच तो मधला!" इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

तुम्हाला खात्री आहे ना मामा? पंख घासताना पूर्ण गप्प असतो? माझी जागा आता या एका किड्यावर उभी आहे.

सर स्वतः पाहायला येत आहेत, माझ्यासोबत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दिवाळीच्या आधी, बंगल्याची परवानगी मिळाली आहे. जेवण साधं लागतं, तिखट चालत नाही. त्यांच्याशी बोलताना मोठ्यानं बोला. पुटपुटणारी माणसं त्यांना आवडत नाहीत. वर्गात कोणी हळू बोललं की ते त्याला बाहेर काढतात.

काकडी चालेल. किड्याला जपा.

आपला,
गुणवंत

*

आलापल्ली,
९ नोव्हेंबर १९५५

चिरंजीव गुणवंतास आशीर्वाद.

तुम्ही गेल्यापासून बंगला ओस वाटतो. तुझे सर म्हणजे देवमाणूस. इतके साहेब या बंगल्यावर आले आणि गेले, पण ज्याचं बोलणं मला एकदाच ऐकून समजलं असा हा पहिला. बाकीचे सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. आजकाल साहेबांना बोलायची रीतच राहिली नाही.

मी आणि सर पडवीत काचेच्या दोन बाजूंना बसलो होतो, तेव्हा मला खरोखर धन्य वाटलं. किड्यानं पंख उभे केले. सर पुढे वाकले. मी पुढे वाकलो. त्यानं पंख घासायला सुरुवात केली आणि सर ओरडले, "बघा, दगडासारखा गप्प!" मी म्हणालो, "दगडासारखा!" पुन्हा त्यांनी कान लावला, पुन्हा मी लावला. एका विद्वानाचं आणि माझं इतकं एकमत आयुष्यात कधी झालं नव्हतं.

पण तुला काय झालं होतं? तू दाराला टेकून उभा होतास. घामानं डबडबलेला, चेहरा पांढरा. सर तुला म्हणाले, "लिही, पूर्ण निःशब्द," आणि तुझ्या हातून पेन्सिल पडली. दोनदा पडली. मी मनकर्णेला विचारलं, भाजीत काही गेलं का. ती म्हणाली, "माह्या भाजीचं नाव घेऊ नका. त्या पोराचे कान चांगले आहेत, येवढंच झालं." याचा अर्थ काय ते सांगायला ती तयार नाही.

जाताना सर म्हणाले की या किड्याच्या शास्त्रातल्या नावात माझं नाव घालतील. मी वरवर नको नको म्हटलं. पण गुणवंता, मला मुलगा नाही. मुली आपापल्या घरी गेल्या. कुठल्या तरी पुस्तकात देवाजी राहील. किडा मुका आहे म्हणून काही अशुभ नाही ना? नीट विचारून घे.

ताप आहे का तुला? कळव.

तुझा मामा,
देवाजी

*

नागपूर,
१८ नोव्हेंबर १९५५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. ताप नाही.

मामा, तो किडा मुका नाही. त्या संध्याकाळी तो इतक्या जोरात आणि इतक्या बारीक सुरात गात होता की माझे दात शिवशिवत होते. मामी स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणेनं विचारत होत्या, हा केव्हा गप्प बसेल म्हणून. आणि तुम्ही दोघं त्याच्या तोंडापाशी बसून एकमेकांना 'गप्प, गप्प' म्हणून सांगत होता.

वय झालं की माणसाच्या कानातून आधी बारीक सूर जातात. जाड आवाज ऐकू येतात, म्हणून त्याला स्वतःला कळतही नाही. तुमचं तसं झालं आहे. आणि तसंच, कसं लिहू, सरांचं झालं आहे.

सरांनी निबंध लिहून तयार ठेवला आहे. महिनाअखेरीस तो छापायला जाईल. खाली माझी सही हवी आहे. सही केली तर गाणारा किडा मुक्यांच्या रांगेत बसेल, आणि उद्या कोणीही पोरगं जंगलात जाऊन ऐकेल तेव्हा मी खोटा ठरेन. सही केली नाही तर सरांना सांगावं लागेल की सर, तुम्हाला ऐकू येत नाही. मग वर्ध्याला कापडाच्या दुकानात आणखी एक माणूस लागेल का, ते मला विचारावं लागेल.

तुमच्यावर राग नाही. पण आता मी काय करू?

आपला,
गुणवंत

*

आलापल्ली,
२६ नोव्हेंबर १९५५

चिरंजीव गुणवंतास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला राग आला. मी बहिरा? मग मनकर्णा आत भांडी आपटते ती मला कशी ऐकू येते? तिला बोलावून विचारलं, "हा किडा ओरडतो?"

ती म्हणाली, "अवो, धरून आणला तवापासून बोंबलून राह्यला."

"मग मला सांगितलं काऊन नाहीस?"

"कशी सांगू? तुमी त्याले मुका-मुका म्हणून काकडी चारून राह्यले होते."

"आणि मोटर? मोटर तर मला ऐकू येते."

"तुमाले माहं कोपर ऐकू येते. दोन वर्सं झाले, चौकीदारी मीच करून राह्यली. तुमी फक्त गेट उघडता."

मग मी मंगलीला विचारलं. ती हंडा खाली ठेवून इतकी हसली की तिला बसावं लागलं. म्हणाली, "भाऊ, आमच्या टोल्यावर साऱ्याईले ठावं आहे. तुमाले हाक मारून कोनी येत नाई, गोटा मारून येते." म्हणजे अधूनमधून माझ्या पायाशी खडे येऊन पडायचे ते वानरांचे नव्हते.

मी काल दिवेलागणीला पडवीत बसलो. दोघींना म्हटलं, काय काय ऐकू येतं ते सांगा. त्या सांगत गेल्या. रातकिडे, झाडाझाडावर, सगळीकडून. म्हणजे जंगल जागच्या जागी आहे. अणुबॉम्बानं काही नेलं नाही. मला बरं वाटलं. मग दोघींना म्हटलं, पुन्हा एकदा सांगा.

आता तुझ्या प्रश्नाचं. गुणवंता, तू शिकलास पण तुला माणसं समजत नाहीत. सरांना ऐकू येत नाही हे शक्य नाही. ज्या माणसानं जन्मभर रातकिड्यांचा अभ्यास केला त्याला रातकिडा ऐकू येणार नाही? डेपोच्या साहेबाला सागवान दिसणार नाही असं म्हणतोस तू! मी यजमान, मी "मुका" म्हणालो, आणि म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून ते थोर मनानं "हो" म्हणाले. आता त्यांना मागे फिरता येत नाही. ते माझ्यामुळे अडकले आहेत, आणि तू त्यांच्यामुळे.

म्हणून मी त्यांना परस्पर पत्र टाकलं आहे. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. मजकूर असा: "साहेब, मी कानानं अधू आहे, हे मला आत्ताच कळलं. किडा गातो, घरातले सगळे साक्षीला आहेत. आपण पाहुणे म्हणून माझ्या शब्दाला शब्द दिलात, हे आपलं मोठेपण. पण माझ्या नावासाठी शास्त्रात खोटं जाऊ देऊ नका. माझं नाव काढून टाका. गुणवंताला सगळं ऐकू येत होतं, पण आपल्यासमोर बोलण्याची त्याची छाती झाली नाही, त्याला माफ करा."

पत्र पेटीत पडल्यावर आठवलं की तुझे सर आमच्या मोठ्या फॉरेस्ट साहेबांचे वर्गमित्र आहेत. बहिरा चौकीदार कोण ठेवील? त्यांच्या कानावर गेलं तर या वयात बंगल्याची खोली सोडून मी आणि मनकर्णा कुठे जाणार? पोस्टमास्तरला म्हटलं, पत्र परत दे. तो म्हणाला, सरकारची पेटी आहे. झालं ते झालं.

सही करू नकोस. थांब.

तुझा मामा,
देवाजी

*

नागपूर,
६ डिसेंबर १९५५

श्री. देवाजी निकुरे, आलापल्ली, यांस,

आपलं पत्र पोचलं. आपला तर्क बरोबर आहे. किड्याचा आवाज मला अर्थातच पहिल्या क्षणी ऐकू आला होता. केवळ यजमानांचा मान म्हणून मी बोललो नाही. निबंध मागे घेतला आहे. गुणवंतने आवाजाच्या नोंदी नव्याने केल्या असून हा किडा गाणाऱ्या फांदीतला, पूर्वीच नाव मिळालेला आहे असं ठरलं. तेव्हा आपलं नाव देता येत नाही, याचा खेद आहे. यापुढे आवाजाच्या नोंदी नेहमी गुणवंतच करील. त्यासाठी त्याची जागा कायम व्हावी अशी शिफारस मी कालच पाठवली.

ता. क. : कानांसाठी आपल्याकडे जंगलातलं काही औषध असल्यास कळवावं. माझ्या एका मित्राला हवं आहे. हे गुणवंतला सांगण्याची गरज नाही.

आपला,
वा. ग. खानझोडे

*

आलापल्ली,
१३ डिसेंबर १९५५

चिरंजीव गुणवंतास अनेक अनेक आशीर्वाद.

सरांचं पत्र आलं. मी म्हणालो नव्हतो? त्यांना सगळं ऐकू येत होतं! मनकर्णेला मी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. तुझी जागा कायम होणार, तिला रडू आलं असावं.

माझं नाव गेलं. त्याचं एवढं काही नाही. दोन दिवस होतं, तेवढं पुष्कळ झालं. किड्याला मी परत रानतुळशीवर सोडला. तो गेला तेव्हा मनकर्णा म्हणाली, बरं झालं, आणि संध्याकाळी म्हणाली, सुनं सुनं वाटते.

चौकीदारीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी टोपी हातात घेऊन रेंजर साहेबांपुढे उभा राहिलो. म्हणालो, साहेब, मला ऐकू येत नाही. ते काहीतरी म्हणाले. मी म्हणालो, साहेब, मोठ्यानं. मग ते सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असे ओरडले, "देवाजी, ते साऱ्या रेंजला ठाऊक आहे! म्हणून तर तुम्हाला बंगल्यावर ठेवलं. मोठे साहेब येतात, आपसात काय काय बोलतात, ते बाहेर फुटता कामा नये. ऐकू येणारा चौकीदार ठेवून मला बदली करून घ्यायची आहे काय?" कारकून हसत होते. मी बाहेर आलो तरी हसत होते. मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते अजून ठरलेलं नाही.

आता एक काम कर. सरांनी त्यांच्या एका मित्रासाठी कानाचं औषध मागितलं आहे. तुला सांगू नको म्हणाले आहेत, पण मला तुझ्याशिवाय विचारायला कोण आहे? मनकर्णा लसूण घालून टोरीचं तेल कढवते, म्हणजे मोहाच्या बियांचं. मलाही आता तेच चालू आहे. फरक काही नाही, पण वास फार येतो, तेव्हा त्या मित्राला चार माणसांत बसावं लागतं का, हे कळायला पाहिजे. मित्र कोण, त्याचं वय काय, एकच कान गेला आहे की दोन्ही, हे सरांना बेतानं विचार आणि लगेच कळव. मनकर्णेनं कढई चुलीवर ठेवली आहे आणि तेल किती टाकायचं ते तुझ्या पत्रावर अडलं आहे.

तुझा मामा,
देवाजी